सोनं झालं की

शेवटी सोनं झालं. राजाने किमयागाराला मिठी मारली, दरबाराने जयजयकार केला, थिएटरात टाळ्या पडल्या आणि त्या राजाच्या खापरपणतूने रुमाल काढून डोळे टिपले. एवढं सगळं झालं. आता यातलं काहीही झालं नाही असं समजू या, कारण ओठमास्तर दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवा पडला होता त्या सकाळपर्यंत खरंच काही झालेलं नव्हतं. किमयागार साफ हरलेला होता. मुशीत शिशाचा गोळा होता, शिशाच्याच रंगाचा. आणि ओठमास्तरचे बाबा, ज्यांनी त्या ऐतिहासिक सिनेमात किमयागाराचं काम केलं होतं आणि जे आता हयात नव्हते, ते राजाच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणत होते, "महाराज, हे होणार नाही."

फोन त्याच्या छातीवर थरथरला तेव्हा डॉक्टरीणबाई सुई टोचून, औषध चढेपर्यंत शेजारच्या खोलीत गेल्या होत्या. खालचा ओठ हळूहळू दुसऱ्या कुणाचा तरी होत चालला होता. फोन दिग्दर्शकाचा होता. त्याने बरं आहे का वगैरे काही विचारलं नाही. "मास्तर, तुझ्या बाबांचा 'नाही' काढायचाय," तो म्हणाला, आणि ते अगदी त्याच सुरात, ज्या सुरात डॉक्टरीणबाईंनी मघाशी अक्कलदाढेविषयी सांगितलं होतं. दोन्ही मुळापासून काढायचं होतं, दोन्ही ठिकाणी कळणारसुद्धा नव्हतं, आणि दोन्ही गोष्टी आधीच करायला हव्या होत्या असं सांगणाऱ्याचं मत होतं. वाडा देणाऱ्या सरकारांना तो शेवट चालत नाही, दिग्दर्शक सांगत होता, आता काका (बाबांना सेटवर सगळे काकाच म्हणत) नाहीत म्हणजे परत शूट करता येत नाही, पण ओठ आहेत, आणि ओठ असले की तू आहेस. ओठमास्तरला "नाही" म्हणायचं होतं. तोंडात कापूस होता, ओठ गादीसारखा जड झाला होता, आणि बाहेर आलं ते "हं." दिग्दर्शक म्हणाला, मला माहीत होतं, आणि फोन ठेवला. पुढे दिवसभर ओठमास्तर स्वतःला हेच सांगत राहिला की ओठ बधिर होता, काय करणार. पण हे कारण त्याच्यापुढे टिकेना. दुसऱ्या कुणापुढे टिकलं असतं. प, फ, ब, भ, म, एवढ्याच अक्षरांना ओठाला ओठ लागतो. 'ना' जिभेचा, 'ही' घशाचा. नाही म्हणायला ओठ लागतच नाहीत. माणसाचे दोन्ही ओठ कापून नेले तरी तो नाही म्हणू शकतो, आणि हे त्या शहरात त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्याचं पोट त्यावर चाललं होतं.

ओठमास्तर हा त्याचा धंदा. सिनेमा एकदा शूट झाला की माणसांची तोंडं हललेली असतात, ती हललेलीच राहतात. नंतर कुणाला वाक्य आवडत नाही, कुणाचा धर्म दुखावतो, कुणी सेटवर वाक्यच विसरलेलं असतं. मग ओठमास्तर पडद्यासमोर बसून त्या हललेल्या तोंडात बसेल असं दुसरं वाक्य शोधतो. ओठ मिटले की तिथे मिटणारं अक्षर हवं, गोल झाले की गोल, फाकले की फाकणारं. मधल्या अक्षरांचं कुणी काही विचारत नाही. एका नायकाने भर रणांगणात मरताना, कॅमेरा चालू असताना, मेकअपवाल्या बाईंना सांगितलं होतं, "बाई, पाय फार दुखतोय." ओठमास्तरने त्याचं "माई, माफ कर, चुकतोय" केलं आणि त्या जागी लोक हुंदके देऊन रडले. तेव्हापासून सगळे त्याला मास्तर म्हणत. बाबांना याचा फार अभिमान. माझा मुलगा लोकांच्या तोंडात शब्द घालतो, असं ते पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे विषय बदलत, कारण ऐकायला ते बरं वाटत नसे.

डॉक्टरकडून तो पायी निघाला. रुमाल तोंडाला लावलेला, लाळ गळतेय की नाही कळत नव्हतं, आणि राग इतका आला होता की समोरून येणारी माणसं आपोआप बाजूला होत होती. त्यांना वाटत असावं रक्त येतंय. राग दिग्दर्शकाचा होता, सरकारांचा होता, पण त्या दोघांवर तो नीट बसत नव्हता. पायांतून तिडीक उठायची, मस्तकापर्यंत जायची आणि तिथे तिला बाबाच सापडायचे, नेहमीसारखे मान डोलावत उभे. बाबांनी उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. नाटकात त्यांना कामंही तशीच मिळाली. निरोप्या, पहारेकरी, तुरुंगाचं दार उघडणारा. त्यांची सगळी वाक्यं 'जशी आज्ञा' या एका वाक्याची भावंडं होती. घरीही तेच. शेजाऱ्याने शिडी मागितली, हो हो. नाटक कंपनीच्या मालकाने पगार पुढच्या महिन्यात घ्या म्हटलं, हो हो. त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे काकाने, तुमची पुढची खोली मला राहायला द्या म्हटलं, हो हो, आणि मग ओठमास्तरचं लहानपण मागच्या खोलीत गेलं, जिथून रस्ता दिसत नसे. एक 'हो' म्हणजे माणसाने विचार केला असं तरी वाटतं. दोन 'हो' म्हणजे विचार करायची वेळच येऊ दिलेली नाही. बाबा गेले तेसुद्धा न्हाव्याच्या खुर्चीत. न्हावी अजूनही शपथेवर सांगतो, की मी विचारलं, मागून थोडे अजून कमी करू का, ते म्हणाले हो हो, आणि मान टाकली. मागून थोडे अजून कमी केलेल्या केसांनीच त्यांना न्यावं लागलं. ओठमास्तर त्या दिवशी रडला नव्हता. त्याला एवढंच वाटलं होतं, की मरणाने येऊन विचारलं असेल, आणि यांनी त्यालाही दुसऱ्या खेपेला विचारू दिलं नसेल.

म्हणून तो 'नाही' काही साधा नव्हता. शूटिंगच्या दिवशी ओठमास्तर सेटवर होता. कथा अशी होती, की राजाचा खजिना रिकामा होतो, शेजारच्या राजाचं सैन्य सीमेवर येतं, आणि राजा एका किमयागाराला तळघरात कोंडून सांगतो, शिशाचं सोनं कर. किमयागार आधी जिवाच्या भीतीने भट्टी पेटवतो. मग भीती जाते आणि वेड लागतं. पारा, गंधक, कुठकुठल्या मुळ्या. सरपण संपतं तेव्हा तो मेज जाळतो, पलंग जाळतो, बायकोने भेटायला येताना आणलेली काठी जाळतो. राजाचे लोक रोज दार ठोठावतात, झालं का. शेवटी त्याला दरबारात उभं करतात, तो मूस पालथी करतो, ठक्कन शिसं पडतं, आणि तो ते एक वाक्य म्हणतो, ज्यासाठी सगळा सिनेमा. आणि बाबांना ते येईना. "महाराज, हे होणार..." इथपर्यंत ते सुरेख यायचे, डोळ्यांत भट्टीचा जाळ घेऊन, आणि मग राजा झालेला नट भुवया वर करायचा आणि बाबांच्या तोंडून निघायचं, "...बघतो करून." दिग्दर्शकाने पहिल्यांदा हसून घेतलं. मग तो समजावू लागला. काका, वाक्य 'नाही' असं आहे. हो हो, बाबा म्हणायचे, आणि परत बघतो करून. शिशाचा गोळा परत मुशीत जायचा, परत ठक्कन पडायचा. राजा घामाघूम झाला. कुणीतरी म्हणालं, पाठमोरे घ्या ना. कुणीतरी म्हणालं, पोरगा ओठमास्तर आहे, नंतर घालेल तोंडात. बाबांनी ते ऐकलं. त्यांनी गर्दीत त्याच्याकडे पाहिलं, आणि तो, त्यांचा मुलगा, त्यांच्याकडे बघत मान हलवत होता, नकारार्थी, अगदी डावी-उजवीकडे, जसं बाळाला शिकवतात. पुढच्या खेपेला बाबांचा चेहरा कोरा झाला. जसं आतलं सगळं फर्निचर जाळून संपलंय. त्यांनी मूस पालथी केली, शिसं पडू दिलं, त्याकडे पाहिलंही नाही. "महाराज, हे होणार नाही." आवाज मोठा नव्हता. राजा झालेला नट खरोखर एक पाऊल मागे सरला. संध्याकाळी घरी येऊन बाबा चपला काढता काढता म्हणाले, आज म्हटलं. राजाला म्हटलं. आणि मग सुट्टी असल्यासारखे शांत जेवले.

सरकार म्हणजे त्या खऱ्या राजाचे खापरपणतू. राज्य केव्हाच गेलं होतं, राजवाड्याचं हॉटेल झालं होतं, पण लोक अजून सरकारच म्हणत, आणि ते नको नको म्हणत ऐकून घेत. दिग्दर्शकाच्या ऑफिसात ते ओठमास्तरच्या आधीच येऊन बसले होते, पायांत धावण्याचे बूट, हातात स्वतःच्या हॉटेलचा साबण, भेट म्हणून आणलेला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर राग धरायला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, आम्ही वाडा दिला, सिंहासन दिलं, सिंहासनावरची गादीसुद्धा धुऊन दिली. आता तुम्ही दाखवणार, की आमच्या पूर्वजाने एका भट्टीवाल्याच्या नादी लागून राज्य घालवलं. "म्हणजे आमचे खापरपणजोबा मूर्ख होते, असंच ना?" त्यावर दिग्दर्शक म्हणाला, नाही नाही सरकार. ओठमास्तरच्या लक्षात आलं, की दोनदा म्हटलेला 'नाही' हाही 'हो'च असतो, फक्त वाकून म्हटलेला. सरकारांची अट साधी होती. सोनं झालं असं दाखवा, नाहीतर आमच्या वाड्यातले सगळे प्रसंग काढा. वाड्यातले प्रसंग काढले असते तर उरला असता तळघरात फुंकर घालणारा एक म्हातारा, आणि तसा सिनेमा कुणी पाहिला नसता. बाकीची सोय झालीच होती. शिशाच्या गोळ्याला संगणकावर पिवळा रंग देता येत होता. राजाच्या मिठीसाठी बाबांच्या अंगलटीचा एक माणूस मिळाला होता. मिठीत पाठच दिसते, आणि पाठ कुणाचीही चालते. फक्त ते तोंड तेवढं राहिलं होतं. जवळून घेतलेलं, पडदाभर. सरकारांनी स्वतः एक वाक्य सुचवलं. "महाराज, आपल्या पुण्यप्रतापाने सुवर्णसिद्धी प्राप्त झाली." ओठमास्तरने सांगितलं, की एवढ्या 'प'कारांना ओठ इतक्या वेळा मिटावे लागतील की किमयागार बुडबुडे काढतोय असं वाटेल. सरकार दिलखुलास हसले आणि म्हणाले, तुम्ही बघा मग, तुमचे वडील फार मोठे कलावंत होते. "त्यांनी आम्हाला कधी नाही म्हटलं नसतं," असं ते पुढे म्हणाले, अगदी मनापासून, आणि ओठमास्तरने साबणाची वडी उचलून खिशात टाकली, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

नाहीचं होय करणं. तोही एका अर्थी शिशाचं सोनंच, असं दिग्दर्शक त्याला जिन्यात म्हणाला, तू आमचा किमयागार आहेस मास्तर. हे साम्य त्या दिवसात सगळ्यांनाच सुचत होतं. चहा देणाऱ्यालाही सुचलं होतं. ओठमास्तरचा पारा प्रत्येक वेळी नव्याने चढायचा आणि प्रत्येक वेळी जागच्या जागी थांबायचा. तो संकलनाच्या खोलीत बसला आणि आवाज बंद करून बाबांचं तोंड पाहू लागला. मागे, पुढे, परत मागे. आवाजाशिवाय ते तोंड परकं वाटत नव्हतं, उलट तेच जास्त ओळखीचं होतं. घरात बाबांना बघायची सवयच तशी होती, आईमुळे. 'हो'ला ओठांचा गोल, 'णा'ला उघडे, परत 'ना'ला उघडे, 'ही'ला कोपरे मागे. मिटणं कुठेच नाही. इतकं मोकळं तोंड बाबांनी आयुष्यात एकदाच केलं होतं. त्यात शब्द बसवताना त्याला वाटत होतं, की आपण झोपलेल्या माणसाच्या तोंडात बोट घालून दात मोजतोय. वाक्य मिळू नये म्हणून तो मन लावून शोधत होता. पण सवय ही हरामखोर गोष्ट. ती धन्याला विचारत नाही. चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच वाक्य त्याच्या जिभेवर आपणहून येऊन बसलं. "सोनं झालं की." 'सो' गोल. 'नं' उघडं, 'झा' परत उघडं. 'लं' जिभेवर गिळलं जातं, ओठांना पत्ता लागत नाही. 'की'ला कोपरे मागे. महाराज, हे सोनं झालं की. तंतोतंत. कपडे वाळले की, दूध तापलं की, तसं. राज्याच्या इतिहासातली सर्वात मोठी घटना, शेजारणीला गॅलरीतून सांगावी अशी.

त्या 'की'कडे मात्र तो बराच वेळ बघत राहिला. आपल्या भाषेत एवढासा तो 'की', पण त्याचं काही खरं नाही. आवाज खाली टेकवला तर 'झालं की' म्हणजे झालंच, तुम्हाला माहीत नाही का. आवाज वर लटकवला तर 'सोनं झालं की...' म्हणजे अजून झालेलं नाही. झालं, की मग बघू. आणि अध्येमध्ये कुठे सोडला तर सोनं झालं की माती झाली, तुम्हीच ठरवा. ओठ तिन्हीला तेच. फरक फक्त आवाजाच्या शेपटीत. त्याला एकदम हलकं वाटलं. सरकारांना ऐकू येईल ते ऐकू दे, तो शेपूट लटकवणार होता. किमयागार राजासमोर उभा राहून म्हणेल, सोनं झालं की..., आणि ते वाक्य कायमचं अर्धं राहील, राजा मिठी मारत असताना, जयजयकार होत असताना. बाबांचा 'नाही' त्या अर्ध्या राहिलेल्या जागेत जिवंत राहील. एका अक्षरात त्याने आपला सगळा राग कोंडून ठेवायचं ठरवलं. आणि आवाज कुणाचा घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. त्याचाच. त्याचा आवाज फुटला तेव्हापासून तो हुबेहूब बाबांचा होता. फोनवर सगळे फसत.

सगळे म्हणजे नाटक कंपनीचा मालकसुद्धा. हे त्याला आठवायचं नव्हतं, पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीतल्या मऊ भिंती बघितल्या की त्याला हटकून तो फोन आठवे. आई तापाने फणफणली होती. मानेपर्यंत पांघरूण, आणि बडबड. बाबा औषध आणायला गेले होते. फोन वाजला, त्याने घेतला, आणि मालक त्यालाच बाबा समजून म्हणाला, उद्या गाडी निघतेय, लांबचा दौरा, तुमच्यावाचून पहारेकरी कोण होणार. ओठमास्तर तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. त्याने घसा साफ केला आणि बाबांच्या आवाजात म्हटलं, "नाही. जमणार नाही. घरी आजारपण आहे." मालकाने हॅलो हॅलो करून पाहिलं. त्या घरातून कुणी असं कधी बोललंच नव्हतं. मग बरं म्हणाला. इतकं सोपं होतं ते. बाबा आले, त्याने आनंदाने सांगितलं, मी तुमच्या वतीने नाही म्हटलं. बाबांचा चेहरा पांढरा पडला. पिशवी हातातच ठेवून त्यांनी फोन लावला. मघाशी मी नाही म्हणालो का, ते म्हणत होते, नाही नाही, म्हणजे हो, हो हो, येतो ना. दौऱ्यावरून ते परत आले तेव्हा ताप गेलेला होता आणि जाताना आईचे दोन्ही कान घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर सांगता येत नाही. आत्या येऊन बाबांना खूप बोलली. बाबा तिलाही हो हो म्हणाले. त्यानंतर घरात सगळे आईशी समोर येऊन, तोंड नीट हलवून बोलू लागले, आणि आई ओठ वाचायला शिकली, आणि तिला बोलता बोलता पोरगाही शिकला. म्हणजे त्याचा धंदासुद्धा त्या 'हो हो'तूनच निघालेला. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बघ, त्यातून तुझं चांगलंच झालं.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट ताई बसल्या होत्या. बाबांचा आवाजही त्यांनीच घेतला होता. दिग्दर्शक त्यांच्या मागे येरझाऱ्या घालत होता. पडद्यावर बाबांचं तोंड आलं, मूस पालथी झाली, पिवळा गोळा पडला आणि ओठमास्तरने म्हटलं, महाराज, हे सोनं झालं की, आणि 'की' सोडून दिला, वर, हवेत, काहीही आधार न देता. ताईंनी मान वर केली. त्यांना कळलं होतं. त्यांनी फक्त बोट बटणावर नेऊन ठेवलं, झालं, घेतलं, अशा अर्थाने. पण दिग्दर्शकाचेही कान काही अगदीच गेलेले नव्हते. "मास्तर, शेवट लोंबतोय," तो म्हणाला. "खाली टेकव की जरा." ओठमास्तर माइकसमोर उभा होता. ओठ आता बधिर नव्हते. तोंडात कापूस नव्हता. समोर काच होती, काचेपलीकडे एक दमलेला माणूस होता ज्याला घरी जायचं होतं, आणि पडद्यावर थांबलेलं बाबांचं तोंड होतं, पुढे काय म्हणू असं विचारत असल्यासारखं अर्धवट उघडं. जीभ वर टेकवायची, 'ना', आणि घशातून वारा सोडायचा, 'ही'. बस. तो ते वाक्य पायापासून गोळा करत वर आणत होता. आणि कानांवरच्या हेडफोनमध्ये त्याला बाबांचा आवाज आला, अगदी जवळून, तत्पर, गोड, समोरच्याची गैरसोय होऊ नये म्हणून घाईने आलेला. "हो हो. टेकवतो ना."

ताईंनी बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग त्या काचेतून हळूच म्हणाल्या, काकाच वाटलात. त्यानंतरचं काही करावं लागलं नाही. ते झालं. 'की' खाली आला आणि पायपुसण्यावर पाय पुसून आत यावा तसा नीट टेकला. दिग्दर्शकाने टाळी वाजवली. ओठमास्तर बाहेर आला, जिन्यात उभा राहिला आणि भिंतीवर हाताचा पंजा दाबून धरला. त्याला मारायचं होतं, पण भिंतीला मऊ कापड लावलेलं होतं, जिन्यातसुद्धा, आणि तिच्यावर हाणून काही आवाज झाला नसता. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपल्याला फक्त आवाज मिळालाय.

पहिल्या खेळाला आईला न्यावं लागलं. ती आपणहून कुठे येत नसे, पण या सिनेमाचं तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. त्याने घरी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तर तिच्यासमोर बसून, ओठ नीट हलवून, एकेक शब्द दाखवत सांगावं लागलं असतं. तिने ठेवणीतली साडी नेसली, पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या टाकल्या, आणि गाडीत त्याला विचारलं, "ते 'नाही' म्हणतात ना यात? मला तेवढंच बघायचंय. बाकी मला काही नको." त्याने मान डोलावली. थिएटरात ती खुर्चीच्या कडेवर बसली, काचा पुसून चष्मा लावला, आणि मधलं तळघर, सैन्य, जळणारा पलंग हे सगळं तिने, नको असलेला पाहुणा उठून जायची वाट बघावी, तसं सहन केलं. मग दरबार आला. मूस पालथी झाली. सोनं पडलं, लखलखीत, बटबटीत. बाबांचं तोंड पडदाभर झालं. त्याने डोळे मिटले, आणि मिटल्यामुळे त्याला स्वतःचा आवाज आणखी स्वच्छ ऐकू आला, पाचशे लोकांत, बाबांचा होऊन, सोनं झालं की. टाळ्या सुरू झाल्या. सरकारांनी रुमाल काढला. त्यांच्या मागच्या रांगेत त्यांचा चुलतभाऊ बायकोला विचारत होता, म्हणजे सोनं झालेलं होतं? मग ते आहे कुणाकडे? आणि या सगळ्या आवाजांत, ज्यातला एकही तिला ऐकू येत नव्हता, आई एकटक वर बघत होती. वर ओठ होते. ओठांना कुणी हात लावलेला नव्हता. ओठ गोल झाले, उघडले, परत उघडले, कोपरे मागे गेले. होणार नाही. त्या भरलेल्या थिएटरात बाबांनी म्हटलेलं एकट्या तिलाच कळलं.

त्याला वाटलं ती रडेल. त्याला, खरं तर, तिने रडावं असं वाटत होतं, म्हणजे त्याला तिच्या खांद्यावर हात ठेवून सुटता आलं असतं. पण आईच्या हनुवटीखालची शीर ताठ झाली. कान गेल्यापासून तिला आपला आवाज किती मोठा होतो हे कळत नसे. ती उभी राहिली. "म्हणता येत होतं की," ती पडद्याला म्हणाली, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल एवढ्याने. "मग त्या वेळी काय झालं होतं?" पुढच्या चार रांगा वळल्या. टाळ्या मध्येच विरल्या. दिग्दर्शकाने अंधारातून ओठमास्तरला शोधलं आणि हाताने खुणा केल्या, बसव त्यांना, बसव. वर राजा त्या दुसऱ्या माणसाच्या पाठीला मिठी मारत होता. आई उत्तराची वाट बघत उभी होती, चष्म्यात सोन्याचा पिवळा उजेड, तोंड किंचित उघडं, जशी ती नेहमी समोरचा बोलेपर्यंत थांबते. ओठमास्तरने तिचा हात धरला आणि तिने तो झटकला. त्याला बसायचं नव्हतं आणि तिला बसवायचंही नव्हतं. तोही उभा राहिला. त्याच्या डोक्यात एक वाक्य आपोआप जुळत गेलं, लांबलचक, सरळ चेहऱ्याचं, कुणाच्याही ओठांवर न बसणारं: सर्व संबंधितांना कळवण्यात येते, की सदर खेळ आहे त्या ठिकाणी थांबवण्यात यावा, प्रेक्षागृहातील दिवे लावण्यात यावेत, उपस्थित बाईंच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी संबंधित किमयागाराने पडद्यावरून खाली उतरून त्यांच्या रांगेत समक्ष हजर व्हावे, उत्तर देताना चेहरा उजेडात ठेवावा व ओठ स्पष्ट हलवावेत, कारण बाईंना ऐकू येत नाही, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत राजासह कोणीही आपली जागा सोडू नये, ही विनंती.